निविदेनंतरचा कारभार उजेडात आणा : विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या नियामक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
नियामक मंडळ, विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ,
नागपूर

विषय : वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाची कंत्राटे देण्यापूर्वी महामंडळाच्या कंत्राटपद्धतीत व कारभारात करावयाचे बदल

महोदय,

स. न. वि. वि.

वैनगंगेचे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयातून पश्चिम विदर्भात, थेट बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगा धरणापर्यंत नेणाऱ्या नदीजोड प्रकल्पाला राज्य शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. सव्वाचारशे किलोमीटरांहून लांब जोडकालवा, ३ लाख ७१ हजार हेक्टर सिंचन आणि ८५ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च असा त्याचा आवाका आहे. या कामांच्या निविदा आपल्या महामंडळाकडून निघतील, देयके आपल्या विभागीय कार्यालयांतून मंजूर होतील आणि किमती वाढल्या तर त्यांचे प्रस्तावही आपल्याच मंडळासमोर येतील. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. कामांचे कार्यारंभ आदेश निघाल्यावर ते लिहिण्यात फारसा अर्थ उरणार नाही.

हा प्रकल्प होऊ नये असे माझे म्हणणे नाही. अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा या पट्ट्यातला कापूस-सोयाबीनचा शेतकरी एका पावसाच्या खंडाने कसा कोलमडतो हे आपण सर्वजण जाणता, आणि त्याच्या बांधापर्यंत पाणी पोहोचावे असे मलाही मनापासून वाटते. मी पाटबंधारे खात्याच्या एका विभागीय कार्यालयात लेखा शाखेत नोकरी करून निवृत्त झालो आहे. मोजमाप पुस्तिकेतील नोंदी चालू देयकाशी ताडून पाहणे, वजावटी तपासणे, मुदतवाढीच्या आणि अतिरिक्त बाबींच्या प्रस्तावांना आर्थिक शेरे देणे हे माझे रोजचे काम होते. त्या कामातून जे कळले ते आपल्यासमोर मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

कंत्राट देईपर्यंतच्या टप्प्यावर आपल्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. ई-निविदा, पूर्वअर्हता, लिफाफे उघडण्याची तारीख, सर्वांत कमी दर कुणाचा आला, याची चर्चा वर्तमानपत्रांत होते आणि विधिमंडळातही होते. पैसा मात्र प्रामुख्याने त्यानंतर, काम चालू असताना केल्या जाणाऱ्या बदलांतून वाढतो, आणि ते बदल महामंडळाबाहेरच्या कुणालाही दिसत नाहीत. ते ज्या वेळी होतात त्याच वेळी लोकांना दिसावेत आणि त्यांना मान्यता कुणी, कोणत्या कारणाने दिली हेही त्यांच्यासोबत दिसावे, ही माझी मुख्य मागणी आहे. पुढे जे लिहिले आहे ते सारे या एका मागणीच्या पुष्ट्यर्थ आहे.

गोसीखुर्दचा इतिहास आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नाही, पण त्यातले आकडे एकाखाली एक ठेवून पाहावेत अशी विनंती आहे. १९८३ साली या प्रकल्पाला प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत ३७२ कोटी रुपये होती. १९८८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प घोषित झाला तेव्हा किंमत ७,७७७ कोटींवर गेलेली होती. २०१६ मध्ये ती १८,४९४ कोटी झाली आणि आता २५ हजार कोटींच्या पुढे गेली आहे. अडीच लाख हेक्टरांचे सिंचन हे मूळ उद्दिष्ट भूमिपूजनाला साडेतीन दशके उलटल्यावरही पूर्ण झालेले नाही. धरणात पाणी साठते, मुख्य कालवे दिसतात, पण वितरिका, लघुवितरिका आणि शेतचाऱ्या जिथे अपुऱ्या आहेत तिथला शेतकरी आजही कालव्याकाठी उभा राहून डिझेल पंपाने पाणी उचलतो.

ही वाढ सगळी गैरव्यवहाराची आहे असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढला, तो वाढायलाच हवा होता. पुनर्वसनाचा खर्च सुरुवातीला कमी धरला गेला होता आणि बुडिताखालच्या गावांनी त्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली. सिमेंट, पोलाद, इंधन, मजुरी यांचे दर चाळीस वर्षांत वाढणारच. पण नेमक्या याच कारणासाठी कायदेशीर वाढ आणि अवाजवी वाढ वेगवेगळी करून दाखवणे महामंडळाच्या हिताचे आहे. दोन्ही एकाच सुप्रमाच्या, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या, बेरजेत मिसळल्या की प्रामाणिक वाढीवरही कुणाचा विश्वास बसत नाही.

२००९ सालचा प्रसंग या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. त्या वर्षी विदर्भातील ३८ प्रकल्पांच्या किमती ६,६७२ कोटी रुपयांवरून २६,७२२ कोटींवर नेण्यात आल्या, म्हणजे चौपट करण्यात आल्या, आणि हे सारे काही महिन्यांच्या अवधीत घडले. ज्या निर्णयाने वीस हजार कोटींचा बोजा वाढला, त्याची कारणमीमांसा त्या वेळी लोकांसमोर आली नाही. नंदकुमार वडनेरे समिती, २०१२ ची श्वेतपत्रिका, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष चौकशी पथक, नागपूर खंडपीठात जनमंच या संस्थेने दाखल केलेली जनहित याचिका आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या चौकश्या हे सगळे नंतरचे. न्यायालयासमोर जे आहे त्यावर मी भाष्य करणार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, निर्णयाची कारणे निर्णयाच्या दिवशी जाहीर झाली असती तर प्रश्न तेव्हाच विचारले गेले असते, उत्तरेही तेव्हाच मिळाली असती आणि कदाचित काही निर्णय घेतलेच गेले नसते. पाच वर्षांनी नेमलेल्या समितीला फक्त कागद सापडतात. कालव्याखाली खरोखर कोणता खडक होता हे तिला कोण सांगणार?

हा खडकाचा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण पाटबंधाऱ्याच्या हिशेबात तो पदोपदी येतो. कालव्याच्या खोदाईला माती, मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक असे वेगवेगळे दर असतात आणि कठीण खडकाचा दर मातीच्या कितीतरी पट असतो. निविदेपूर्वी पुरेशी वेधने, म्हणजे जमिनीखालचा थर पाहण्यासाठी पाडलेली छिद्रे, घेतलेली नसली की अंदाजपत्रकात माती जास्त आणि खडक कमी धरला जातो. काम सुरू झाल्यावर खडक जास्त लागला अशी नोंद होते. ती खरीही असू शकते. पण खोदाई झाल्यावर तळ आणि बाजू काँक्रीटच्या अस्तरीकरणाखाली जातात, आणि त्यानंतर ती नोंद पडताळण्याचा मार्ग जवळजवळ उरत नाही. मोजमाप पुस्तिकेत शाखा अभियंत्याने जे लिहिले आणि उपविभागीय अभियंत्याने ज्यावर तपासणीची सही केली, तेच सत्य ठरते. लेखा शाखेत बसलेला माणूस गुणाकार तपासू शकतो, खडक तपासू शकत नाही.

मुरमाच्या वाहतुकीचेही तसेच आहे. काळ्या, फुगणाऱ्या जमिनीतून कालवा नेताना अस्तराच्या मागे मुरमाचा थर द्यावा लागतो, नाहीतर पहिल्या दोन पावसाळ्यांतच अस्तराला भेगा पडतात. हा मुरूम कुठून आणायचा, म्हणजे लीड (वाहतुकीचे अंतर) किती, हे दरविश्लेषणाच्या, म्हणजे दर कसा ठरला हे दाखवणाऱ्या तक्त्याच्या, एका ओळीत लिहिलेले असते. समजा, खदान प्रत्यक्षात पाच किलोमीटरांवर आहे आणि लीड पंधरा किलोमीटरांचे धरले आहे, त्यामुळे घनमीटरमागे साठ रुपये जास्त पडतात आणि काम पाच लाख घनमीटरांचे आहे. या एका ओळीत तीन कोटी रुपये गेले. खदान कुठे आहे हे गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला माहीत असते. दरविश्लेषण मात्र गावाने कधी पाहिलेले नसते. ती एक ओळ ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली असती तर त्या तीन कोटींचा प्रश्न गावानेच विचारला असता.

निविदेतील परिमाणापेक्षा काम जास्त झाले तर कंत्राटातील कलम ३८ लागू होते : २५ टक्क्यांपर्यंतच्या वाढीला निविदेचाच दर, त्यापुढे चालू दरसूचीवर आधारित दर. निविदेत नसलेली बाब करावी लागली तर ईआयआरएल, म्हणजे अतिरिक्त बाबींची दरसूची मंजूर होते. या दोन्ही तरतुदी आवश्यक आहेत, कारण जमिनीखाली काय निघेल हे कुणीच आधी पूर्ण सांगू शकत नाही. पण अपवाद म्हणून केलेली तरतूद जेव्हा प्रत्येक कामाच्या नस्तीत दिसू लागते, तेव्हा दोषाचे मूळ अंदाजपत्रकात शोधावे लागते. सर्वेक्षण अपुरे, नाशिकच्या मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेकडून संकल्पचित्रे अंतिम झालेली नाहीत, तरीही निविदा काढली, असे झाले की कलम ३८ आणि ईआयआरएल ठरलेलेच. कमी दराने निविदा भरून नंतर या दोन मार्गांनी भरपाई होणार असेल, तर सर्वांत कमी दराची निविदा ही स्पर्धा नाममात्र ठरते, आणि सचोटीने दर भरणारा लहान कंत्राटदार आपोआप बाहेर फेकला जातो. याची खंत मला फार वाटते, कारण चांगले काम करणारे कितीतरी स्थानिक कंत्राटदार या पद्धतीला कंटाळून पाटबंधाऱ्याची कामे सोडून गेलेले मी पाहिले आहेत.

दुसरा मार्ग मुदतवाढीचा. जमीन ताब्यात नाही, वनजमिनीची परवानगी आलेली नाही, आणि तरी कार्यारंभ आदेश दिला जातो. कंत्राटदार यंत्रसामग्री आणून बसतो, काम पुढे सरकत नाही, आणि उशीर शासनाच्या बाजूने झाल्याने त्याला दंड न लावता मुदतवाढ मिळते. मुदतवाढीसोबत भाववाढ येते, भाववाढीनंतर दावे येतात, दाव्यांनंतर लवाद. मुरबाड तालुक्यातील काळू धरणाचे उदाहरण आपल्याला माहीत आहे. वनजमिनीची मान्यता नसताना सुरू झालेले ते काम २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवले. ते कोकण महामंडळाचे काम होते, पण धडा पाचही महामंडळांना सारखाच लागू आहे. नदीजोडाच्या चारशे किलोमीटरांत अशा किती जागा येतील याचा विचार करावा. ज्या लांबीतील जमीन प्रत्यक्ष ताब्यात आहे, वनमान्यता हातात आहे, वेधने झालेली आहेत आणि संकल्पचित्रे अंतिम आहेत, तेवढ्याच लांबीची निविदा काढावी, आणि हे चारही दाखले निविदा सूचनेसोबत प्रसिद्ध करावेत. भूमिपूजनाचा मुहूर्त थोडा लांबला तरी चालेल.

तिसरी गोष्ट निविदेच्या किमतीसंबंधी. मागच्या काळातील चौकश्यांत आणि गुन्ह्यांच्या नोंदींत वारंवार आलेला एक आक्षेप असा की, निविदा एका किमतीवर काढायची आणि देकार जास्त आला की अंदाजपत्रक पुढच्या दरसूचीवर अद्ययावत करून घ्यायचे. मग जास्तीची टक्केवारी कागदावर पाच टक्क्यांच्या आत बसते आणि वरच्या मान्यतेची गरज उरत नाही. स्पर्धक म्हणवणाऱ्या निविदाधारकांच्या बयाण्याची रक्कम एकाच खात्यातून भरली गेल्याचा आरोपही काही प्रकरणांत होता. निविदेच्या अटींत नसलेले मोबिलायझेशन अग्रिम, म्हणजे यंत्रसामग्रीची जुळवाजुळव करण्यासाठीची आगाऊ रक्कम, काम दिल्यानंतर मंजूर झाल्याचे आक्षेप निघाले. या तिन्हींवरचा उपाय अवघड नाही. निविदा सूचना प्रसिद्ध झाली त्या क्षणी अंदाजपत्रक गोठवावे आणि त्यानंतर ते कुणालाही, कोणत्याही कारणाने बदलता येऊ नये. बयाण्याच्या रकमेचे मूळ खाते तपासल्याचा दाखला निविदा समितीच्या इतिवृत्तात असावा. अग्रिम द्यायचेच असेल तर ते निविदेतच लिहिलेले, व्याजासह आणि बँक हमीवर असावे, म्हणजे सर्व निविदाधारकांना ते आधीच ठाऊक असेल.

आता कारभाराविषयी, आणि येथे मला थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. जलसंपदा मंत्री हे महामंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. ज्या विभागाने महामंडळावर देखरेख करायची, त्याच विभागाचे मंत्री महामंडळाचे अध्यक्ष, अशी ही रचना आहे. कायदा बदलल्याखेरीज ती बदलणार नाही, आणि तो बदल आपल्या हातात नाही. पण या रचनेत नियामक मंडळाच्या बैठकीला जे महत्त्व येते ते मंडळाने स्वतःच जपले पाहिजे. वित्त व नियोजन विभागांचे प्रतिनिधी तिथे असतात ते केवळ गणसंख्या भरण्यासाठी नव्हे. आधी आदेश आणि मागाहून मंडळाची कार्योत्तर मान्यता, ही वरातीमागून घोडे नेण्याची पद्धत कंत्राटाच्या बाबतीत पूर्णपणे बंद व्हावी. एखाद्या सदस्याने वेगळे मत दिले असेल तर ते शब्दशः इतिवृत्तात यावे, आणि इतिवृत्त बैठकीनंतर पंधरा दिवसांत प्रसिद्ध व्हावे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ मध्ये मंडळांच्या बैठकांची इतिवृत्ते जनतेला उपलब्ध आहेत की नाहीत हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन जाहीर करायचे आहे. हा कायदा येण्याच्या तीन वर्षे आधी महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. त्या राज्याच्या महामंडळाला इतिवृत्त प्रसिद्ध करण्यासाठी नव्या परवानगीची गरज पडू नये.

महाराष्ट्रात कंत्राटाचे नियम मुख्यतः शासन निर्णयांवर आणि खात्याच्या नियमपुस्तिकांवर चालतात. तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेसाठी स्वतंत्र कायदे केले. कायदा असला म्हणजे गैरप्रकार थांबतात असे नाही, तिथलेही अनुभव सरळ नाहीत. पण शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने एका दिवसात बदलता येतो, कायदा बदलायला सभागृहात जावे लागते, हा फरक मोठा आहे. आपल्या मंडळाने शासनाकडे अशा कायद्याची शिफारस करावी. तोवर मंडळाने ठराव करून जे करता येईल ते करावे.

तो ठराव कसा असावा याविषयी माझी सूचना अशी : प्रत्येक कंत्राटाचे एक सार्वजनिक पान असावे, मराठीत असावे, आणि त्यावर मूळ निविदेची किंमत, परिमाणे आणि मुदत यांच्या शेजारी त्यानंतरचा प्रत्येक बदल नोंदवला जावा. कलम ३८ खालील वाढ, ईआयआरएल, लीडमधील बदल, मुदतवाढ, भाववाढ, अग्रिम, दावे, यांपैकी काहीही मंजूर झाले की पंधरा दिवसांच्या आत ते कारणासह आणि मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदनामासह त्या पानावर यावे, आणि ते आल्याशिवाय त्या बदलाचे देयक अदा होऊ नये. ही शेवटची अट मी लेखा शाखेतला माणूस म्हणून आग्रहाने मांडतो. परिपत्रके आम्ही पुष्कळ पाहिली. देयकाशी बांधलेली अट तेवढी पाळली जाते, बाकीच्या फायलीत राहतात. सुप्रमाच्या प्रस्तावातही भूसंपादन, पुनर्वसन, दरवाढ, परिमाणवाढ, संकल्पचित्रातील बदल आणि नवीन बाबी यांची वाढ वेगवेगळ्या रकान्यांत दाखवलेला तक्ता असतोच. तो मंडळाच्या बैठकीच्या आधी लोकांसमोर ठेवावा, नंतर नव्हे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, यामुळे कामांना उशीर होईल. मंजूर झालेला कागद संगणकावर चढवायला जो वेळ लागतो त्याने गोसीखुर्दला उशीर झालेला नाही. जमीन, परवानग्या, अपुरे सर्वेक्षण आणि थकलेला निधी यांनी झाला आहे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. २०१२ नंतरच्या चौकश्यांमुळे अभियंते सही करायला घाबरतात, नस्त्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतात आणि आवश्यक निर्णयही अडतात, असे अनेक अभियंत्यांनी मला सांगितले आहे, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. पण ही भीती का आहे? निर्णय बंद नस्तीत घेतला जातो, वरून आलेला तोंडी आदेश नस्तीत दिसत नाही, खालच्या अधिकाऱ्याची सही तेवढी दिसते, आणि दहा वर्षांनी चौकशी आली की सही करणाराच सापडतो. निर्णय त्याच वेळी कारणासह जाहीर झाला असेल आणि कुणीही आक्षेप घेतला नसेल, तर त्या अभियंत्यामागे तो एक भक्कम आधार राहतो. या पद्धतीने सर्वांत जास्त संरक्षण मिळेल ते प्रामाणिक अधिकाऱ्याला.

त्याच्या संरक्षणासाठी आणखी एक गोष्ट करावी लागेल. नाशिकच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत मुख्य अभियंता असलेले विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये सिंचनकामांच्या दर्जाविषयी आणि खर्चाविषयी थेट मुख्यमंत्री व राज्यपाल यांना पत्र लिहिले, तेव्हा हा विषय राज्यभर पोहोचला. त्यांच्या सगळ्या आकड्यांशी सर्वजण सहमत नव्हते, पण एका मुख्य अभियंत्याला आपले म्हणणे ऐकले जावे म्हणून एवढ्या वर जावे लागले, ही महामंडळांच्या कारभाराविषयीची फार मोठी गोष्ट होती. शाखा अभियंता किंवा लेखापाल एवढे वर जाऊ शकत नाही. तो नस्तीत प्रतिकूल शेरा लिहितो आणि पुढच्या बदलीच्या यादीत आपले नाव शोधतो. प्रतिकूल तांत्रिक किंवा आर्थिक शेरा डावलायचा असेल तर वरिष्ठाने डावलण्याची कारणे लेखी द्यावीत, आणि शेरा लिहिणाऱ्याची बदली त्या कामाच्या अंतिम देयकापर्यंत मंडळाच्या मान्यतेशिवाय होऊ नये, असा नियम मंडळाने करावा.

शेवटचा मुद्दा पाण्याचा आहे, आणि माझ्या मते तो पैशाइतकाच कंत्राटाचा मुद्दा आहे. आजचे देयक घनमीटर आणि रनिंग मीटर यांवर निघते. कालवा खोदला, अस्तर लावले, मोजमाप झाले, पैसे अदा झाले. त्या लांबीची सिंचनक्षमता निर्माण झाली अशी नोंदही होते. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी गेले की नाही याचा देयकाशी काहीही संबंध नसतो. म्हणूनच २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून दहा वर्षांत सिंचन ०.१ टक्क्याने वाढल्याचा अर्थ निघाला, त्याच वर्षाच्या अखेरीस श्वेतपत्रिकेने ते २८ टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले, आणि दोन्ही आकडे सरकारी कागदांतूनच आले. कुणाचे खरे हे सांगण्यासाठी लोकांना मान्य असलेले मोजमापच नव्हते. वितरिकेच्या कामाचे अंतिम देयक आणि सुरक्षा अनामत, पाणी सोडून टेलपर्यंत चाचणी झाल्यावरच अदा करावी, आणि त्या चाचणीच्या पंचनाम्यावर पाणी वापर संस्थेच्या प्रतिनिधींच्या सह्या असाव्यात. सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या या संस्थांना मान्यता दिलेली आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी संस्था करून पाण्याचे व्यवस्थापन स्वतःच्या हातात घेतले आणि ते वर्षानुवर्षे नीट चालवून दाखवले. जो शेतकरी पाण्याचा हिशेब ठेवू शकतो तो कालव्याच्या कामाचीही साक्ष देऊ शकतो. नदीजोडाच्या लाभक्षेत्रात मुख्य कालव्याच्या निविदेआधीच पाणी वापर संस्था स्थापन कराव्यात, म्हणजे ही साक्ष देणारे कुणी तरी तिथे असेल.

२००५ मध्येच झालेल्या दुसऱ्या कायद्याकडेही मंडळाचे लक्ष वेधतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने एकात्मिक राज्य जल आराखडा तयार करून त्याला अनुसरूनच नवे प्रकल्प मंजूर करावेत असे सांगितले. आराखडा वेळेत झाला नाही, तरीही दीडशेहून अधिक प्रकल्पांना मान्यता मिळत गेली, आणि शेवटी हा विषय औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिकेद्वारे न्यावा लागला. नदीजोडाच्या प्रत्येक टप्प्याच्या प्रस्तावासोबत तो आराखड्याशी सुसंगत असल्याचा प्राधिकरणाचा लेखी निष्कर्ष जोडलेला असावा.

मागच्या प्रकरणांविषयी एवढीच विनंती आहे. कोणत्या कामांची चौकशी पूर्ण झाली, कोणत्या कामांत वसुली निश्चित झाली, त्यातली किती प्रत्यक्ष झाली, कोणत्या निविदा रद्द झाल्या आणि ती कामे नंतर कुणाला, कोणत्या किमतीला दिली, याचा एक तक्ता महामंडळाने दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावा. ज्यांची नावे विनाकारण गोवली गेली त्यांनाही त्यातून न्याय मिळेल.

आपल्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर कंत्राटाच्या सार्वजनिक पानाचा ठराव घ्यावा, आणि तो संमत होईपर्यंत नदीजोडाची कोणतीही निविदा सूचना प्रसिद्ध करू नये, अशी माझी आपल्याला औपचारिक विनंती आहे. ठराव फेटाळला गेल्यास त्याची कारणे इतिवृत्तात नोंदवून ते इतिवृत्त प्रसिद्ध करावे. ठरावाचा मसुदा आणि पानाचा नमुना तयार करून देण्यास मी आणि माझे काही निवृत्त सहकारी तयार आहोत. त्यासाठी कोणत्याही मानधनाची अपेक्षा नाही.

आपला विश्वासू,
पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेतील एक निवृत्त कर्मचारी,
जि. चंद्रपूर